नांगराने जहाज थांबतं, मग चालतं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या आरमारी लढायांच्या वर्णनात, वारा पडल्यावर खलाशांनी नांगराच्या मदतीने जहाज पुढे नेल्याचे उल्लेख येतात. नांगर तर जहाज थांबवण्यासाठी असतो. मग त्यानेच जहाज चालवलं म्हणजे नेमकं काय केलं? आणि आज असं कुणी करतं का?

मी आधी मालवाहू जहाजांवर आणि नंतर बंदरात पायलट म्हणून काम केलं आहे. शिडाच्या मोठ्या जहाजावर नोकरी करायला माझा जन्म दीडशे वर्षं उशिरा झाला, पण नांगर वापरून जहाज वळवणं, सरकवणं, आवरणं हे आमच्या रोजच्या कामातलंच. त्यामुळे जुन्या लोकांनी काय केलं असेल आणि कुठे घाम गाळला असेल, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

नांगर म्हणजे ब्रेक, ही समजूत आधी बाजूला ठेवा. शिडाच्या जहाजाला जोर लावायला दोनच गोष्टी मिळतात, वारा आणि पाणी. दोन्ही आपल्या ताब्यात नसतात. नांगर तिसरी गोष्ट मिळवून देतो, ती म्हणजे जमीन. पावसाळ्यात निसरड्या घाटवाटेने चढताना आपण वरची मुळी धरून अंग वर ओढून घेतो, तसंच हे. मुळी हलत नाही म्हणून आपण हलतो. नांगर लांब पुढे नेऊन टाकायचा, तो तळात रुतला की जहाजावरून दोर ओढायचा. नांगर जागचा हलत नाही, म्हणून जहाज त्याच्याकडे सरकतं. इंग्रज दर्यावर्दी याला केजिंग म्हणत आणि त्यासाठीच्या हलक्या नांगराला केज. गोदीतल्या खुंटाला किंवा बोयाला दोर बांधून जहाज ओढून घेतलं तर ते वॉर्पिंग. तत्त्व एकच.

वाचताना सोपं वाटतं. खरं काम होडीत असतं, आणि गोष्टी सांगणारे नेमकी होडीच विसरतात.

जहाजाचे मुख्य नांगर या कामाला चालत नाहीत. ब्रिटिशांच्या एचएमएस व्हिक्टरीसारख्या पहिल्या दर्जाच्या युद्धनौकेचा सर्वांत मोठा नांगर चार टनांहून जड. त्याच्या तागाच्या दोराचा घेर 24 इंच, म्हणजे माणसाच्या मांडीएवढा जाड. असला नांगर होडीखाली टांगून नेता येतो, पण ती शेवटच्या पाळीची गोष्ट. केज असतो दोन-चारशे किलोचा. तो होडीच्या पिछाडीखाली पाण्यात लोंबता बांधतात, कारण पाण्यात त्याचं वजन थोडं कमी होतं आणि सोडताना एक गाठ तोडली की काम होतं. आता दोर. नवखा माणूस दोराचं टोक होडीत देईल आणि बाकीचा दोर जहाजावरून सोडत राहील. शंभर वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) गेले की मागचा ओला दोर पाण्यात पोट काढून बसतो आणि वल्हेकरी कितीही ताणोत, होडी पुढे सरकत नाही. म्हणून जाणती माणसं बहुतेक दोर वेटोळी करून होडीतच ठेवत आणि जाता जाता मागे सोडत. मग होडीला दोर ओढावा लागत नाही, फक्त वाहावा लागतो. शिवाय नांगराच्या खालच्या टोकाला एक वेगळा बारीक दोर आणि त्याला तरंगणारा ओंडका बांधायचा. नांगर उपटायची वेळ आली की होडीतल्या माणसांनी त्याच दोराने उलटं ओढून तो मोकळा करायचा.

दुसरी मेख दोराच्या लांबीची. नांगर वजनाने धरत नाही, तळाशी आडवा पडून फाळ रुतवतो म्हणून धरतो. ओढ जितकी आडवी तितकी पकड घट्ट. ओढ वरच्या दिशेने आली की तो सुटला. त्यासाठी दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाच-सहा पट तरी हवा. म्हणजे 25 वाव पाण्यात सव्वाशे-दीडशे वाव दोर. जहाज नांगराजवळ येऊ लागलं की दोर उभा होत जातो आणि पकड ढिली पडते. हा दोष वाटतो, पण इथेच त्याचा उपयोग आहे, कारण तोपर्यंत नांगर उचलण्याचीच वेळ झालेली असते. तेवढ्यात दुसऱ्या होडीने दुसरा केज पुढे टाकलेला हवा. एक ओढायचा, दुसरा पुढे न्यायचा, अशी आलटून पालटून साखळी लागली तरच जहाजाची चाल टिकते.

'एवढं अवजड जहाज माणसांनी ओढायचं?' हे नेहमी विचारलं जातं. हिशेब करून पाहा. दोन हजार टनांचं जहाज निवांत पाण्यात आहे, वारा नाही, प्रवाह नाही. पन्नास माणसांनी डेकवर दोर धरून प्रत्येकी वीस किलोचा जोर लावला तर एक टन ओढ मिळते. एवढ्या ओढीने ते जहाज दोन-तीन मिनिटांत एक नॉटच्या, म्हणजे तासाला एक सागरी मैल अशा चालीला लागतं. इतक्या कमी वेगात पाण्याचा विरोध फारसा नसतो, खरी झुंज जडत्वाशी असते. म्हणून घाईच्या वेळी खलाशी कॅपस्टनच्या नादी लागत नसत. दोर खांद्याला लावून नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, पिछाडीकडे चालत जायचं, टोकाला पोचलं की सोडून पळत पुन्हा पुढे. जहाजाचा वेग म्हणजे माणसांच्या चालण्याचा वेग.

कॅपस्टन, म्हणजे आडवे दांडे खोचून गोल फिरून ढकलायचा तो उभा रहाट, जोरासाठी असतो, वेगासाठी नाही. शंभर माणसं दांड्यांवर, प्रत्येकाचा जोर वीस किलो, दांड्याची सरासरी लांबी दोन मीटर आणि मधल्या पिंपाची त्रिज्या तीस सेंटिमीटर धरली तर कागदावर तेरा टनांची ओढ येते. घर्षणात निम्मी गेली तरी सहा-सात टन उरते. पण दोर गोगलगायीच्या चालीने येतो. रुतलेलं जहाज उपटायला हे हवं. पळून जायला नव्हे.

पळून जाण्याची सगळ्यात गाजलेली हकीकत यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या अमेरिकन युद्धनौकेची. जुलै 1812, न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर. 17 तारखेला कॅप्टन आयझॅक हलला काही जहाजं दिसली. आपलीच असतील असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा कळलं की ब्रिटिशांचा अख्खा ताफा मागे आहे आणि वारा पूर्ण पडलेला आहे. हलने आधी होड्या उतरवून जहाज वल्ह्यांनी ओढायला लावलं. ब्रिटिशांनी तेच केलं, पण त्यांच्याकडे जहाजं जास्त, म्हणून होड्याही जास्त. सगळ्या मिळून ते शॅनन या एकाच फ्रिगेटला (मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकेला) ओढू लागले आणि अंतर तुटायला लागलं. तेव्हा लेफ्टनंट चार्ल्स मॉरिसने केजिंग सुचवलं. खोली मोजली, पाणी पंचवीस वावांच्या आसपास निघालं. एवढ्या पाण्यात नांगर धरेल. जहाजावर होते नव्हते ते जाड दोर एकमेकांना जोडले, केज होडीत घातला आणि अर्धा मैलभर पुढे नेऊन टाकला. मागच्यांना कळेचना की वाऱ्याशिवाय हे पुढे सरकतंय कसं. कळल्यावर त्यांनीही नांगर काढले. पण कॉन्स्टिट्यूशनच्या पिछाडीला हलने तोफा बसवल्या होत्या. त्यांच्या माऱ्यात उघड्या होड्या पाठवायला कोण धजेल? पळणाऱ्याच्या होड्या जहाजाच्या पुढे, म्हणजे आडोशाला असतात, पाठलाग करणाऱ्याच्या होड्या थेट तोफांच्या तोंडाशी.

हे सगळं खरं, तरी 'केजिंगने जहाज वाचलं' हे वाक्य मला अपुरं वाटतं. हलने पिण्याचं सुमारे दहा टन पाणी समुद्रात ओतून जहाज हलकं केलं. शिडांवर पाणी मारून कापडाची भोकं बुजवली, म्हणजे झुळूक आली तर वाया जाऊ नये. आणि 19 तारखेला संध्याकाळी पावसाची सर येताना दिसली तेव्हा मोठं वादळ येतंय अशा थाटात भराभर शिडं कमी केली. ब्रिटिशांनी ते पाहून आपलीही शिडं उतरवली. सरीच्या पडद्याआड हलने सगळी शिडं पुन्हा ताणली आणि निसटला. 20 तारखेला सकाळी पाठलाग सोडला गेला. केजिंगने त्याला अडचणीचे काही तास मिळवून दिले, बाकी काम शिडांनीच केलं. त्याच पाठलागातल्या गेरियर या फ्रिगेटला कॉन्स्टिट्यूशनने 19 ऑगस्टला एकटीला गाठून हरवलं, ते वेगळंच.

आपल्याकडे, मराठ्यांच्या आरमारात, वारा पडल्यावरचा उपाय वेगळा होता. हलकी गलबतं वल्ह्यांवर चालत. तीच तोफांनी जड झालेल्या गुराबांना दोर लावून ओढत नेत आणि वाऱ्याअभावी ठप्प झालेल्या कंपनीच्या जहाजाच्या पिछाडीला, जिथे त्याच्या तोफा कमी, तिथे नेऊन उभी करत. ज्याच्याकडे वल्ह्याची ताकद आहे, त्याला नांगर ओढत बसायची गरज कमी.

नांगराची खरी अक्कल मला दिसते ती जहाज रुतल्यावर. कॅप्टन कुकचं एंडेव्हर 11 जून 1770 च्या रात्री अकराच्या सुमाराला ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफवर चढलं, आणि चढलं तेही भरतीच्या वेळी. कोकणातला कुणीही तांडेल सांगेल, ओहोटीत रुतलात तर पुढची भरती सोडवते, भरतीत रुतलात तर देवच सोडवतो. कुकने लगेच शिडं उतरवली आणि होड्यांतून आजूबाजूची खोली मोजून घेतली. पाणी कुठे आहे हे कळल्याशिवाय नांगर कुठे टाकणार? मग नांगर खोल पाण्यात नेऊन टाकले आणि दोर ताणले. जहाज हललं नाही. तेव्हा सहा तोफा, दगडी आणि लोखंडी नीरम (जहाज स्थिर राहावं म्हणून तळात भरलेलं वजन), पिंपं, खराब झालेला साठा असं चाळीस-पन्नास टन ओझं पाण्यात टाकलं. सकाळची भरती आली, ती रात्रीच्या भरतीपेक्षा कमी चढली. जहाज तसंच.

इथे घाबरून नुसतं ओढत राहणारा कॅप्टन दोर तोडून घेतो. कुकने रात्रीच्या भरतीची वाट पाहिली. तिकडे दिवसाच्या आणि रात्रीच्या भरतीत बराच फरक पडतो. दरम्यान राहिलेले मोठे नांगरही होड्यांनी नेऊन टाकले, कप्प्या लावल्या, सगळे दोर ताणून ठेवले. रात्री दहानंतर पाणी चढलं आणि सगळ्या दोरांवर एकदम जोर लावून जहाज खोल पाण्यात ओढून घेतलं. रुतल्यापासून जवळजवळ तेवीस तासांनी. खाली भोक पडलेलं होतंच. मंकहाउस नावाच्या तरुण मिडशिपमनने, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याने, एका शिडावर काथ्या आणि लोकर पसरून ते शीड तळाखालून ओढून भोकावर चिकटवलं. पुढे नदीमुखात जहाज आडवं करून पाहिलं तर पोवळ्याचा एक तुकडा त्या भोकातच अडकून बसलेला! त्या सहा तोफा 1969 मध्ये रीफवर सापडल्या.

यातून कामाची गोष्ट एवढी: नांगराचा दोर ओढायचा तो भरतीच्या मदतीला, भरतीऐवजी नव्हे. दोर आधीपासून ताणलेला ठेवायचा, म्हणजे पाण्याने जहाज इंचभर उचललं की तो इंच हातचा जात नाही.

नांगराने जहाज नुसतं पुढे नेता येतं असं नाही, जागच्या जागी फिरवताही येतं. नांगराच्या मुख्य दोराला पिछाडीकडून दुसरा दोर बांधतात, त्याला स्प्रिंग म्हणतात. तो ओढला की जहाज तिरकं होतं आणि वाऱ्याची दिशा काहीही असो, तोफांची बाजू हवी तिकडे वळवता येते. याचा सर्वांत सुंदर वापर मला वाटतं 11 सप्टेंबर 1814 ला प्लॅट्सबर्गच्या उपसागरात झाला. हे समुद्रात नाही, अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या चॅम्प्लेन सरोवरात. अमेरिकन कमांडर मॅकडोनोने आपली जहाजं नांगरून ठेवली होती. साराटोगा या आपल्या मुख्य जहाजाच्या नाळेच्या दोन्ही बाजूंना त्याने लांब केज टाकले आणि त्यांचे दोर पाण्याखालून पिछाडीकडे आणले. पाण्याखालून अशासाठी, की तोफगोळ्याने तुटू नयेत. समोर ब्रिटिशांचं कॉन्फियान्स, जास्त तोफांचं.

दोन तासांच्या मारामारीनंतर साराटोगाच्या शत्रूकडच्या बाजूच्या सगळ्या तोफा निकामी झाल्या. दुसऱ्या बाजूच्या तोफांतून एकही गोळा सुटलेला नव्हता. मॅकडोनोने पिछाडीचा नांगर सोडला, माणसं दोरांवर घातली आणि धुराच्या लोटात जहाज जागच्या जागी उलटं फिरवलं. ताज्या तोफा एकेक करून शत्रूसमोर येऊ लागल्या. कॉन्फियान्सनेही तसंच फिरायचा प्रयत्न केला, पण आधी तयारी नव्हती. ते अर्धवट फिरून अडकलं, तेही अशा कोनात की स्वतःला मारा करता येईना आणि मार मात्र लांबीभर खावा लागला. त्याने निशाण उतरवलं आणि जमिनीवरून चाल करून आलेली ब्रिटिश फौज कॅनडात परतली. लढाईआधी निवांतपणे टाकलेल्या दोन छोट्या नांगरांची ही किंमत.

सर्वांत जिवावरचा प्रकार क्लब-हॉलिंग. वादळ किनाऱ्याकडे ढकलतंय, वळायला जागा नाही, आणि लाटांमुळे जहाजाची नाळ वारा ओलांडून पलीकडे जात नाही. तेव्हा जहाज वाऱ्याच्या तोंडावर आणायचं आणि वेग मरता मरता वाऱ्याआडच्या बाजूचा नांगर सोडायचा. तो धरला की नाळ हिसका बसून वाऱ्यात खेचली जाते. मग मुख्य दोर कुऱ्हाडीने तोडायचा. आता ताण पिछाडीकडून नांगराला आधीच बांधलेल्या दुसऱ्या दोरावर येतो, नाळ दुसऱ्या अंगाला पडते, शिडं भरतात, आणि तो दोरही तोडायचा. नांगर गेला, दोर गेले, जहाज राहिलं. 16 डिसेंबर 1812 ला फ्रान्सच्या किनाऱ्यावर, बास्क रोड्समध्ये, कॅप्टन जॉन हेजने 74 तोफांची मॅग्निफिसंट अशी सोडवली. त्यानंतर आरमारात त्याला 'मॅग्निफिसंट हेज' म्हणूनच ओळखू लागले. नांगर सोडायचा क्षण दहा सेकंद चुकला असता तर हे टोपणनाव ठेवायला जहाजावरचं कुणी उरलं नसतं.

आता आजचं. पायलट म्हणून आम्ही सर्रास वापरतो तो प्रकार म्हणजे नांगर तळाला नुसता टेकवून फरपटत नेणं, ज्याला ड्रेजिंग म्हणतात. टेम्सवरचे शिडाचे बार्जवाले हेच करत. प्रवाह तीन नॉटचा असेल आणि नुसतं वाहत गेलात, तर पाणी आणि जहाज एकाच वेगाने चाललेले. सुकाणूवरून पाणी जातच नाही, म्हणून सुकाणू मेलेलं. नाळ प्रवाहाकडे करून आखूड दोरावर नांगर टेकवला की जहाज दोन नॉटने वाहतं, एक नॉटचं पाणी सुकाणूवरून जातं आणि सुकाणू जिवंत होतं. उलट्या पावली, पण ताब्यात. धक्क्याला लागताना आजही आम्ही पाण्याच्या खोलीच्या दीडपट साखळी सोडतो, म्हणजे नाळ भरकटत नाही आणि इंजिनाचा जोर देऊन पिछाडी हवी तशी वळवता येते. त्या वेळी नाळेवरचा सारंग साखळीवर बूट टेकवून उभा असतो. बारीक, सलग थरथर म्हणजे नांगर चिखलातून नीट फरपटतोय. ठोके बसायला लागले म्हणजे खडक. आणि थरथर एकदम थांबून साखळी ताठ झाली तर त्याने ओरडायला हवं, कारण नांगर कशात तरी अडकला आहे, कदाचित केबलमध्ये. म्हणूनच हे करण्याआधी नकाशावर तळाशी काय आहे ते पाहावंच लागतं.

आणि अस्सल केजिंग? तेही चालू आहे, फक्त कुणी त्याला त्या नावाने ओळखत नाही. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रात समुद्रतळाशी नळ टाकणारे जुन्या पद्धतीचे बार्ज स्वतःच्या पंख्याने चालत नाहीत. चारी बाजूंना आठ-दहा नांगर टाकलेले असतात. पुढच्या नांगरांचे तारदोर विंचवर, म्हणजे यांत्रिक रहाटावर, गुंडाळायचे, मागचे तेवढेच सोडायचे. एका नळाच्या लांबीइतका बार्ज पुढे सरकतो, नवा नळ जोडला जातो, पुन्हा तेच. पुढचे नांगर जवळ आले की टग येतो, एकेक नांगर उचलतो आणि पुढे नेऊन टाकतो. ओंडक्याच्या जागी पोलादी बोया, वल्ह्यांच्या होडीच्या जागी काही हजार अश्वशक्तीचा टग, कॅपस्टनवरच्या शंभर माणसांच्या जागी विंच चालवणारा एक ऑपरेटर. नांगर किती लांब टाकायचा आणि ओढ किती आडवी हवी, हा हिशेब मात्र तोच आहे.